जवसाचं तेल किडनी वाचवतं का?

कर्करोगावर सिस्प्लॅटिन सुरू झालं की घरात दोन गोष्टींची धास्ती बसते. एक उलट्यांची, दुसरी किडनीची. उलट्यांवर आता चांगली औषधं आहेत. किडनीचं काय, हा प्रश्न मात्र उरतो आणि मग घरगुती शोधाशोध सुरू होते. कुणी सांगतं, रोज सकाळी चमचाभर जवसाचं तेल द्या. कुणी कलौंजीच्या तेलाची बाटलीच आणून देतं. कुणी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सुचवतं. सांगणारी माणसं जवळची असतात, तळमळीने सांगतात आणि सोबत एखाद्या संशोधनाचा दाखलाही देतात. तो दाखला बहुधा खोटा नसतो. म्हणूनच या विषयाकडे नीट पाहायला हवं. ‘सगळं थोतांड आहे’ म्हणून हात झटकणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ‘तेल नैसर्गिक आहे, घेतलं तर बिघडतं कुठे’ हेही खरं नाही.

आधी किडनीचं पाहू. शरीरात इतके अवयव असताना औषधांचा घाला नेमका हिच्यावरच का? दोन्ही मूत्रपिंडांचं वजन मिळून जेमतेम तीनशे ग्रॅम. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. त्या रक्तातून रोज साधारण 180 लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला जवळजवळ सगळा परत शोषून घेतला जातो. लघवी म्हणून बाहेर पडतो तो फक्त दीड-दोन लिटर. हे शोषण्याचं सर्वात मोठं काम करते गाळणीला लागून असलेली नलिका. तिच्या पेशींना आतल्या बाजूने ब्रशच्या दातांसारखे सूक्ष्म केस असतात आणि पोटात ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची दाटी असते. रक्तातून आलेलं जवळजवळ प्रत्येक औषध या पेशींच्या दारावरून जातं आणि काही औषधं थेट आत घुसतात.

सिस्प्लॅटिनचं उदाहरण घ्या. 1965 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते तपासत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं आणि ते लांबच लांब दोऱ्यांसारखे वाढत गेले. कारण वीज नव्हे, तर प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून द्रावणात उतरलेलं एक संयुग होतं. पेशींचं विभाजन थांबवणारा पदार्थ कर्करोगावर चालेल, हा तर्क खरा ठरला आणि 1978 मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. पण त्याआधी माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांत त्याने इतक्या रुग्णांच्या किडन्या बिघडवल्या, की ते सोडून द्यायची वेळ आली होती. नलिकेच्या पेशींच्या रक्ताकडच्या बाजूला ओसीटी-2 नावाचं एक वाहक प्रथिन असतं. ते सिस्प्लॅटिनला ओढून आत घेतं. त्यामुळे रक्तात जेवढं औषध असतं त्याच्या कितीतरी पट ते या पेशींत साठतं. तिथे ते डीएनएला चिकटतं, मायटोकॉन्ड्रिया बिघडवतं, ऑक्सिजनचे उपद्रवी कण मोकाट सुटतात आणि पेशी मरू लागतात. आजही सिस्प्लॅटिन घेणाऱ्या साधारण चार-पाच जणांत एकाच्या तरी किडनीला धक्का बसतो.

दुसरं औषध जेंटामायसिन. 1963 मध्ये एका सूक्ष्मजीवापासून मिळालेलं हे प्रतिजैविक आजही गंभीर जंतुसंसर्गात, अगदी तान्ह्या बाळांनाही दिलं जातं. ते स्वस्त आहे आणि गुणकारीही. त्याला नलिकेच्या पेशींत घेऊन जातं मेगॅलिन नावाचं प्रथिन. आत गेल्यावर ते पेशीच्या कचरा जिरवणाऱ्या पिशव्यांमध्ये साचत राहतं आणि पाच-सात दिवसांनी त्या पिशव्या फुटू लागतात. लघवी व्यवस्थित होत असते, म्हणून कुणाला शंका येत नाही. किडनीने बाहेर टाकायचं क्रिएटिनिन तेवढं रक्तात चढत असतं.

आता तेलांकडे वळू. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागाने या विषयावर चिकाटीने काम केलं आहे. अशा प्रयोगांची रीत साधारण ठरलेली असते. पांढऱ्या उंदरांचे चार गट करायचे. पहिल्याला नेहमीचं खाद्य. दुसऱ्याला नेहमीचं खाद्य आणि वर सिस्प्लॅटिनचं किंवा जेंटामायसिनचं इंजेक्शन. तिसऱ्याच्या खाद्यात जवसाचं किंवा माशाचं तेल मिसळलेलं, औषध काहीच नाही. चौथ्याला तेलाचं खाद्य आधी काही दिवस, मग औषध. ठरल्या दिवशी उंदरांचं रक्त काढतात, किडनी बाहेर काढून वाटतात आणि त्यात काय काय उरलं आहे ते मोजतात. क्रिएटिनिन आणि युरिया तर मोजतातच, पण खरी बारीक तपासणी असते त्या ब्रशसारख्या केसांवरच्या विकरांची, म्हणजे एन्झाइमची. पेशी जखमी झाली की हे केस झडतात आणि विकरं लघवीत वाहून जातात. किडनीत ती किती उरली, यावरून इजा किती खोल हे कळतं. शिवाय पेशींच्या आवरणातली चरबी किती ‘खवट’ झाली, म्हणजे तिचं किती ऑक्सिडेशन झालं, हेही तपासतात.

अशा प्रयोगांत चौथ्या गटाचे आकडे दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे बरे निघतात. इजा होते, पण कमी होते. माशाच्या तेलाबाबत हे दिसलं, जवसाच्या तेलाबाबत दिसलं, कलौंजीच्या तेलाबाबतही दिसलं. ओमानच्या सुलतान काबूस विद्यापीठातून 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कलौंजीच्या तेलाचा डोस वाढवत नेला तसं जेंटामायसिनने होणारं नुकसान कमी होत गेलं. वेगवेगळ्या देशांतल्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांना एकाच दिशेची उत्तरं मिळत असतील तर ती गांभीर्यानेच घ्यायला हवीत. (कलौंजी म्हणजे आपल्या चटणीतले कारळे नव्हेत. दिसायला दोन्ही बिया काळ्या असल्या तरी वनस्पती वेगळ्या आणि तेलंही वेगळी.)

हे कसं घडत असेल? आपण खातो त्या तेलातली मेदाम्लं नुसती जळून ऊर्जा देत नाहीत. त्यातली काही पेशींच्या आवरणात जाऊन बसतात. वेळ आली की तिथून सुटून त्यांच्यापासून संदेश देणारी रसायनं तयार होतात. करडई, सूर्यफूल, सोयाबीन या तेलांतलं मुख्य मेदाम्ल ओमेगा-6 कुळातलं. त्यापासून शरीर बनवतं ॲराकिडोनिक आम्ल आणि त्यापासून बनतो थ्रॉम्बॉक्सेन नावाचा पदार्थ, जो रक्तवाहिन्या आवळतो आणि दाह वाढवतो. माशाच्या तेलातली मेदाम्लं ओमेगा-3 कुळातली. ती त्याच जागा पटकावतात, पण त्यांच्यापासून तयार होणारा थ्रॉम्बॉक्सेन फारच दुबळा असतो. साहजिकच किडनीच्या रक्तवाहिन्या कमी आवळल्या जातात आणि सूजही कमी येते. शिवाय पेशीची स्वतःची संरक्षक विकरं टिकून राहतात. कलौंजीचं काम निराळं. तिच्या तेलात थायमोक्विनोन नावाचा एक पदार्थ असतो आणि तो दाह व ऑक्सिडेशन दोन्हींवर लगाम घालतो.

जवसाच्या बाबतीत इथे एक अडचण आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं. हेही ओमेगा-3, पण छोट्या साखळीचं. माशाच्या तेलातल्या लांब साखळ्यांत त्याचं रूपांतर शरीरालाच करावं लागतं आणि माणसाच्या शरीरात ते अगदी थोडं, शेकडा काही अंशच होतं. म्हणून ‘माशाच्या तेलाला शाकाहारी पर्याय’ ही जाहिरात अर्धीच खरी आहे. आणखी एक गोष्ट. हे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी फार लवकर संयोग पावतं. म्हणूनच ते रंगांत वापरतात, क्रिकेटच्या बॅटला चोळतात आणि ते सुकून घट्ट थर देतं. विदर्भात जवसाचं तेल स्वयंपाकात पूर्वापार आहे, पण तिथे घाण्यावरून ताजं आणून लवकर संपवायची रीत होती. महिनोन् महिने उघड्या बाटलीत राहिलेलं खवट तेल ऑक्सिडेशन रोखण्यासाठी प्यायचं, हे पटण्यासारखं नाही.

उंदरांकडून माणसाकडे येताना आकड्यांचा हिशेब करून पाहावा. ओमानच्या प्रयोगातला सर्वात मोठा डोस रोज किलोमागे 2 मिलिलिटर होता. साठ किलोच्या माणसाला सरळ गुणाकाराने तो रोज 120 मिलिलिटर होईल. औषधशास्त्रात असा सरळ गुणाकार करत नाहीत. शरीराच्या पृष्ठभागाचा हिशेब धरतात आणि त्या हिशेबाने तो 20 मिलिलिटरच्या आसपास येतो. म्हणजे रोज चार चमचे कडवट, उग्र तेल आणि त्यातून सुमारे 165 कॅलरी. पाण्याचा घोट उतरत नसलेल्या केमोच्या रुग्णाला हे कसं झेपावं? दुसरीकडे, उंदरांना जेंटामायसिनही किलोमागे 80 ते 100 मिलिग्रॅम टोचलेलं असतं. माणसाला ते किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या आसपास देतात. थोडक्यात, इजाही मोठी आणि तेलही भरपूर. शिवाय उंदराला तेल इजेच्या आधीपासून चालू असतं. रुग्णालयात सेप्सिस घेऊन आलेल्या माणसाला जेंटामायसिन द्यायचं की नाही हे तासाभरात ठरतं. दहा दिवस आधी जवस चालू करायला तिथे सवड नसते.

मग माणसांवर कुणी हे तपासलंच नाही का? तपासलं आणि फार नेटकेपणाने तपासलं. त्या कामाचा धागा सायक्लोस्पोरीनपासून सुरू होतो. नॉर्वेतल्या मातीच्या नमुन्यात सापडलेल्या बुरशीपासून मिळालेल्या या औषधाने 1980 च्या दशकात किडनी प्रत्यारोपणाचं चित्र पालटलं, कारण नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून ते अतिशय परिणामकारक ठरलं. दुर्दैव असं, की जी किडनी वाचवायची तिच्याच रक्तवाहिन्या हे औषध आवळतं आणि कालांतराने तिलाच इजा करतं. त्या आवळण्यामागे थ्रॉम्बॉक्सेनचाही हात असतो. सायक्लोस्पोरीन पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचं मूळ पातळ औषध ऑलिव्ह तेलात केलेलं असे. 1987 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ते ऑलिव्हऐवजी माशाच्या तेलात विरघळवून उंदरांना दिलं आणि किडनीला होणारी इजा कमी झाली.

मग नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या डॉक्टरांनी हे माणसांवर करून पाहिलं. त्यांचा अहवाल 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. नव्याने किडनी बसवलेले आणि सायक्लोस्पोरीन घेणारे 66 रुग्ण होते. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवसापासून वर्षभर निम्म्यांना रोज 6 ग्रॅम माशाचं तेल आणि निम्म्यांना तितकंच खोबरेल तेल दिलं. तुलनेसाठी निवडलेलं हे तेल आपल्या कोकणकिनाऱ्यावरच्या प्रत्येक घरातलं. ते निवडण्यामागे कारण होतं. खोबरेलातली जवळजवळ नव्वद टक्के मेदाम्लं संपृक्त असतात आणि थ्रॉम्बॉक्सेनच्या साखळीत ती ना इकडे ना तिकडे. वर्षाअखेर माशाच्या तेलाच्या गटात किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला 53 मिलिलिटर होती आणि खोबरेलाच्या गटात 40. रक्तदाबही पहिल्या गटात कमी होता. नवी किडनी नाकारण्याचे झटके पहिल्या गटात 8 आले, दुसऱ्यात 20.

असा निकाल हाती आल्यावर कुणाला उमेद वाटणार नाही? पण वैद्यकात एका चाचणीवर उपचार ठरत नाहीत. पुढे अनेक ठिकाणी अशा चाचण्या झाल्या. त्या सगळ्या एकत्र करून कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी ताळा मांडला तेव्हा रक्तदाबात आणि चांगल्या कोलेस्टेरॉलमध्ये थोडीशी सुधारणा दिसली, पण किडनी नाकारली जाण्यात किंवा ती टिकण्यात फरक दिसला नाही. प्रत्यारोपणाच्या प्रत्येक रुग्णाला माशाचं तेल द्या, असं म्हणण्याइतका पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ग्रोनिंगेनचं काम चुकीचं होतं असा याचा अर्थ नाही. 66 ही संख्या लहान आणि लहान चाचणीत योगायोगाला फार वाव असतो. याच्यासारखंच दुसऱ्या एका पदार्थाचं झालं. एक्स-रे आणि अँजिओग्राफीसाठी शिरेत सोडतात त्या द्रवामुळे किडनी बिघडू नये म्हणून ॲसिटिलसिस्टीन हे स्वस्त अँटिऑक्सिडंट द्यावं, असं 2000 मध्ये 83 रुग्णांच्या चाचणीतून पुढे आलं. जगभर ते दिलं जाऊ लागलं. 2018 मध्ये सुमारे 5,000 रुग्णांच्या चाचणीत त्याचा काही उपयोग दिसला नाही.

जेंटामायसिन आणि सिस्प्लॅटिन यांच्याबाबतीत तर तेलं प्रामुख्याने उंदरांपाशीच थांबली आहेत. माणसांवरच्या मोठ्या, भरवशाच्या चाचण्यांनी सिद्ध झालेलं असं एकही खाद्यतेल नाही, जे या औषधांपासून किडनी वाचवतं.

इथपर्यंतचं वाचून कुणी म्हणेल, सिद्ध झालं नसेल, पण घेतलं तर नुकसान तर नाही ना? केमोच्या रुग्णाच्या बाबतीत मला सर्वात जास्त काळजी वाटते ती याच प्रश्नाची. उंदरांवरच्या त्या प्रयोगांतली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. त्या उंदरांना कर्करोग नव्हता. निरोगी उंदराच्या किडनीला सिस्प्लॅटिनपासून वाचवणं हा एक प्रश्न. किडनीला वाचवताना गाठीलाही वाचवलं जात नाही ना, हा दुसरा. पेशीच्या दृष्टीने दोन्हीकडे औषध तेच आहे आणि इजा करण्याची रीतही बरीचशी तीच.

2011 मध्ये नेदरलँड्समधल्याच संशोधकांना उंदरांमध्ये असं आढळलं, की सिस्प्लॅटिन दिल्यावर शरीरातल्या काही मूलपेशी विशिष्ट मेदाम्लं रक्तात सोडतात आणि त्या मेदाम्लांमुळे गाठ औषधाला जुमानेनाशी होते. त्यातलं एक मेदाम्ल ओमेगा-3 कुळातलं निघालं. पुढे 2015 मध्ये त्यांनी बाजारातली माशाची तेलं तपासली. त्या मेदाम्लाचा अंश त्या तेलांत होता. निरोगी स्वयंसेवकांनी ते तेल घेतल्यावर त्यांच्या रक्तातही ते वाढलं. हेरिंग आणि मॅकरेल हे मासे खाल्ल्यावरही वाढलं. उंदरांमध्ये केमोसोबत माशाचं तेल दिलं तेव्हा केमोचा गाठीवरचा परिणाम उणावला. याच संशोधकांनी उपचार घेणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना विचारलं तेव्हा सुमारे 11 टक्के रुग्ण ओमेगा-3 च्या कॅप्सूल घेत असल्याचं कळलं. केमोच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत माशाचं तेल टाळावं, असा सल्ला त्यांनी दिला. ते मॅकरेल युरोपातलं, आपला बांगडा त्याच्या नात्यातला पण वेगळा मासा. त्यामुळे बांगड्याची आमटी कायमची बंद करा, असं यातून निघत नाही. माणसांत याचा परिणाम किती होतो, हेही उंदरांवरून ठरवता येणार नाही. पण मग तोच न्याय दोन्हीकडे लावायला हवा. उंदरांमध्ये किडनी वाचली म्हणून तेल सुरू करायचं आणि उंदरांमध्ये गाठ वाचली तिकडे काणाडोळा करायचा, हे चालणार नाही.

मग सिस्प्लॅटिनचा डोसच कमी केला तर? किडनीही सुखरूप आणि डोकेदुखीही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या 300 रुग्णांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने याचं उत्तर दिलं. रेडिएशनसोबत दर आठवड्याला थोडं थोडं सिस्प्लॅटिन द्यायचं, की तीन आठवड्यांतून एकदा मोठा डोस द्यायचा, अशी ती तुलना होती. थोडं थोडं दिलेल्यांना त्रास कमी झाला. पण दोन वर्षांनंतर त्या जागी आजार आटोक्यात राहिला तो थोड्या डोसच्या गटात 58.5 टक्के रुग्णांमध्ये आणि मोठ्या डोसच्या गटात 73.1 टक्के रुग्णांमध्ये. तंबाखूने पोखरलेल्या आपल्या देशात हा फरक फार मोठा आहे. औषधाचा जोर कमी करणं, मग ते डोस कमी करून असो किंवा नकळत तेल देऊन असो, आपल्याला परवडणारं नाही.

मग सुरुवातीला सोडून द्यायची वेळ आलेलं सिस्प्लॅटिन वाचलं कशामुळे? 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी आधी कुत्र्यांवर आणि मग रुग्णांवर दाखवून दिलं, की भरपूर सलाईन देऊन लघवीचा वेग वाढवला तर औषध नलिकेत रेंगाळत नाही आणि किडनी पुष्कळ वाचते. आज डे-केअर वॉर्डात सिस्प्लॅटिनचा दिवस पाहिला तर सगळा वेळ याच कामात जातो. सकाळी वजन घेतात, क्रिएटिनिनचा रिपोर्ट पाहतात. रिपोर्ट बरा नसेल तर त्या दिवशी औषध चढत नाही. मग सलाईनची पहिली बाटली लावतात, तिच्यात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घातलेलं असतं. सिस्प्लॅटिनने शरीरातलं मॅग्नेशियम लघवीवाटे वाहून जातं आणि ते कमी पडलं की किडनीला इजा वाढते, म्हणून ही भर. मग औषध, मग पुन्हा सलाईन. खाटेखाली लघवी मोजायचं भांडं ठेवलेलं असतं आणि सिस्टर येऊन आकडा लिहून जातात. घरी गेल्यावरही उलटीचं औषध वेळेवर घेऊन पाणी पीत राहायचं. किती प्यायचं ते डॉक्टर सांगतील, कारण हृदय किंवा किडनी आधीच अशक्त असेल तर जास्त पाणीही घातक ठरतं. ज्यांची किडनी सिस्प्लॅटिन झेपण्यासारखी नसते त्यांच्यासाठी दुसरी औषधं असतात. जेंटामायसिनच्या बाबतीतही असंच साधं पण सिद्ध झालेलं शहाणपण आहे. दिवसाचा डोस तीनदा विभागून देण्यापेक्षा एकदाच द्यायचा, म्हणजे मेगॅलिनला ते सतत आत ओढायला मिळत नाही. औषध शक्य तितक्या लवकर थांबवायचं आणि मधूनमधून क्रिएटिनिन पाहायचं.

स्निग्ध पदार्थाने औषधापासून किडनी वाचवल्याचं एक खणखणीत उदाहरण आहे आणि महाराष्ट्राने त्याची किंमत स्वतः मोजली आहे. ॲम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं जुनं, जबरदस्त औषध. ते बुरशीच्या आवरणाला भोकं पाडतं. दुर्दैवाने आपल्या पेशींच्या आवरणातल्या कोलेस्टेरॉललाही ते थोडंफार चिकटतं, त्यामुळे नलिकेच्या पेशींनाही भोकं पडतात. यावर उपाय निघाला तो तेल पाजण्याचा नव्हे, तर औषधालाच स्निग्ध कवच घालण्याचा. सोयाबीनपासून काढलेल्या फॉस्फोलिपिडचे अतिसूक्ष्म गोळे, म्हणजे लिपोसोम, तयार करायचे आणि औषध त्यांत बसवायचं. बुरशी भेटेपर्यंत ते त्यातच अडकून राहतं आणि किडनीच्या वाट्याला कमी येतं. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 687 रुग्णांच्या चाचणीत साध्या ॲम्फोटेरिसिनने 34 टक्के रुग्णांची किडनी बिघडली, लिपोसोममधल्या औषधाने 19 टक्के. भारतात हे औषध घडवण्याच्या कामात मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचा मोठा वाटा आहे. 2021 मध्ये कोविडपाठोपाठ काळ्या बुरशीची, म्हणजे म्युकरमायकोसिसची लाट आली तेव्हा नागपूरपासून पुण्यापर्यंत नातेवाईक मेडिकल दुकानांसमोर रांगा लावून जे इंजेक्शन शोधत होते ते हेच. लिपोसोमचं मिळालं नाही तर साधं ॲम्फोटेरिसिन द्यावं लागे आणि मग डोळे लागलेले असत क्रिएटिनिनच्या रिपोर्टवर.

घरातल्या तेलाबद्दल एवढं झाल्यावर घरातल्या गोळ्यांबद्दलही सांगायला हवं, कारण किडनीला धोका फक्त केमोचा आणि इंजेक्शनांचा नसतो. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं किडनीचा रक्तपुरवठा मोकळा ठेवणारी प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. तरुण, धडधाकट माणूस दोन-चार दिवस ते सहन करतो. साठी ओलांडलेली, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी, जुलाबाने पाणी कमी झालेली व्यक्ती सहन करेलच असं नाही. सिस्प्लॅटिन किंवा जेंटामायसिन चालू असताना या गोळ्या स्वतःहून घेणं तर धोक्याचंच. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या, हे 2004 मध्ये सिद्ध झालं आणि 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. तोवर बहुतेक गिधाडं नाहीशी झाली होती.

जवसाची चटणी जेवणात जरूर असावी. बांगडा-तारली खाणाऱ्यांनी खावेत, करडई-शेंगदाण्याचं तेल फोडणीला वापरावं. हा आहार आहे आणि आहार म्हणून तो चांगला आहे. पण कुठलंही तेल औषधासारखं, मोजून, रोज, उपचार चालू असताना घ्यायचं ठरवलं, तर त्या घटकेपासून ते औषध आहे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याची माहिती असायलाच हवी. अनेक रुग्ण हे सांगत नाहीत. डॉक्टर रागावतील असं वाटतं किंवा ‘तेलाचं काय सांगायचं’ असं वाटतं. कृपा करून सांगा. पुढच्या केमोला जाताना ती बाटली, कॅप्सूलची डबी, गुडघ्याच्या गोळ्यांचं पाकीट पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवून विचारा, ‘हे चालू आहे, चालेल का?’